उतारावरच्या वृद्धाश्रमाची पुनर्बांधणी: साइटवरच्या नोंदी

जागा रत्नागिरी तालुक्यात, सड्यावरून, म्हणजे कातळी पठारावरून, खाडीकडे उतरणारी. एका ट्रस्टचा जुना वृद्धाश्रम. वरच्या टप्प्यावर रस्त्यालगत एक चिरेबंदी इमारत, मधल्या टप्प्यावर भोजनगृह आणि परसबाग, खालच्या टप्प्यावर दुसरी इमारत. राहणारे चाळीसेक, त्यातले निम्मे काठीवर किंवा वॉकरवर. ट्रस्टची अट एकच होती, काम चालू असताना कुणालाही दुसरीकडे पाठवायचं नाही. मी आर्किटेक्ट, कंत्राटदार जवळच्याच गावचा. अशाच जागेवर काम काढणाऱ्या दोन संस्थांनी विचारणा केली, म्हणून डायरीतलं जरा नीट करून देते आहे. रकमा गोळाबेरीज आहेत.

१६ ऑक्टोबर २०२३

कंटूर सर्व्हे, म्हणजे जमिनीच्या चढउतारांची मोजणी, हातात आला. वरच्या टप्प्याची फरशी आणि भोजनगृहाची फरशी यांत ३.६ मीटरचा फरक. भोजनगृह ते खालची इमारत ३.२ मीटर. सध्या ये-जा पायऱ्यांवरून. ज्यांना उतरता येत नाही त्यांचं ताट खोलीत जातं, म्हणजे ती माणसं महिनोन्महिने पंगतीला बसलेलीच नाहीत.

ट्रस्टींचं म्हणणं, "सगळीकडे रॅम्प करून टाका, विषय संपला." बैठकीतच हिशोब मांडला. १:१२ चा, म्हणजे बारा मीटरला एक मीटर चढाचा, रॅम्प धरला तर ३.६ मीटरसाठी लांबी ४३ मीटर. दर ७५ सेंटिमीटर चढाला दीड मीटर सपाट विसावा, तो धरून पन्नासच्या घरात. हे फक्त एका टप्प्याचं, आणि दिवसातून तीनदा जेवायला जायचं. शिवाय व्हीलचेअर ढकलणारी मावशी स्वतः पंचावन्नची. असा रॅम्प नियमात बसतो, वापरात येत नाही.

३.६ मीटर म्हणजे एक मजला, हे त्याच कागदावर दिसलं. नवीन इमारत मधल्या टप्प्यावर परसबागेत, दुमजली. तळमजला भोजनगृहाच्या पातळीला. पहिला मजला छोट्या पुलावरून थेट वरच्या टप्प्याला, जिथे ॲम्ब्युलन्स येते. दोन्हींच्या मध्ये लिफ्ट. खोली, जेवण, दवाखाना, देवघर, बसायची पडवी, सगळं तळमजल्याच्या एका सपाटीवर. खालच्या टप्प्यावर म्हाताऱ्या माणसाला जायचं कामच ठेवायचं नाही. तिथली इमारत पाडून कर्मचाऱ्यांची घरं आणि सांडपाण्याची व्यवस्था.

एका ट्रस्टींना त्याच्याही खाली, खाडी दिसेल अशा कॉटेज हव्या होत्या. तो उतार १:५ पेक्षा तीव्र आहे, यूडीसीपीआरप्रमाणे, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे, तिथे बांधकाम होत नाही. बरंच झालं, नाहीतर मलाच नको म्हणावं लागलं असतं.

१२ डिसेंबर २०२३

परसबागेत चाचणीचे खड्डे घेतले. बाहेरून सगळीकडे सारखाच जांभा दिसतो. एका टोकाला कातळाची जाडी साडेतीन मीटर, दुसऱ्या टोकाला जेमतेम सव्वा, त्याखाली पांढरट शेडी, म्हणजे मऊ चिकणमाती. मधल्या खड्ड्यात तर पहार दणकन आत गेली, खाली पोकळी. पाण्यानं शेडी वाहून नेऊन केलेली भुयारं इकडे नवी नाहीत, पण इमारतीच्या बरोबर मधोमध निघेल असं वाटलं नव्हतं.

सुटे फूटिंग, म्हणजे दर खांबाखाली वेगळा पाया, रद्द. अर्धी इमारत कातळावर आणि अर्धी शेडीवर बसली तर खचणं एकसारखं होणार नाही, आणि भूकंपाच्या नकाशावर रत्नागिरी झोन चारमध्ये, जास्त धोक्याच्या पट्ट्यात, आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरनी राफ्ट दिला, सगळ्या इमारतीखाली एकच सलग स्लॅब. पोकळी उघडून साफ केली, मग काँक्रीट भरलं. पायाचा खर्च सहा लाखांनी वाढला. खड्डे आधी घेतले असते तर हे अंदाजपत्रकातच आलं असतं. ट्रस्टनी "खोदल्यावर कळेलच" म्हणून ते पुढे ढकलले होते. खड्ड्यांचा खर्च होता तीस हजार.

८ फेब्रुवारी २०२४

वरच्या आणि मधल्या टप्प्यामधली जुनी दगडी भिंत. लांबी ४० मीटर, उंची साडेतीन. नवीन इमारत हिच्याच पुढ्यात उभी राहणार. मधोमध भिंतीनं पोट काढलंय, ओळंबा सोडला तर १८ सेंटिमीटर बाहेर. भिंतीत पाणी निघायला एकही भोक नाही. सगळ्यांचं मत, पावसाच्या पाण्याचा दाब.

पण पाऊस जाऊन चार महिने झाले तरी खालच्या दोन थरांच्या सांध्यांतून ओल झिरपतेय आणि तिथले नेचे हिरवेगार आहेत. आजूबाजूचं गवत पार वाळलंय. हे पाणी पावसाचं नव्हे.

वरच्या इमारतीचा शोषखड्डा भिंतीपासून सहा मीटरवर. पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी संडासाच्या चेंबरमध्ये ओतलं आणि भिंतीशी माणूस बसवला. दोन दिवस काही आलं नाही. कंत्राटदार खूश, शोषखड्डा निर्दोष सुटला. मैलापाण्यात परमँगनेट टिकत नाही, वाटेतच रंग सोडून तपकिरी होतं, हे एका रसायनशास्त्राच्या निवृत्त गुरुजींनी सांगितलं. ते इथेच राहतात, खोली क्रमांक चार. "अहो, आधी मला विचारायचं होतंत," एवढंच म्हणाले.

मग कोल्हापूरहून फ्लुरोसीन मागवलं, पाण्याचा माग काढायचा रंग. चमचाभर पुरतं. रात्री टाकलं, सकाळी मावशी धावत आल्या, "मॅडम, भिंतीतनं हिरवं पाणी येतंय, बघा तरी!" पोपटी, डोळ्यांत खुपणारं, आणि बरोबर पोटाच्या खाली.

पाणी शेडीत मुरत नाही. कातळ आणि शेडीच्या सांध्यातून आडवं चालत राहतं आणि पहिली भिंत भेटेल तिथे साचतं. वर्षानुवर्षं इमारतीचं सांडपाणी भिंतीच्या पाठीत भरत होतं. शोषखड्डा आजपासून बंद. तात्पुरती बंदिस्त टाकी बसवली, उपसायला टँकर. खालच्या टप्प्यावरची व्यवस्था होईपर्यंत हा खर्च चालू राहणार, वर्षाला दीड लाखाच्या आसपास, आणि तो अंदाजपत्रकात कुठेच नाही.

तुमची जागा टप्प्यांची असेल तर भिंतीचं डिझाइन करायच्या आधी वरच्या टप्प्यावरचे शोषखड्डे शोधा. नकाशावर नसतात. जुन्या सफाई कामगाराला विचारा.

२६ मार्च २०२४

शिमगा. साइटवर कुणी नाही. पालख्या घरोघर फिरून होईपर्यंत कुणी येणारही नाही. कोकणात काम काढताना शिमगा आणि गणपती मिळून महिनाभर धरून चाला, कंत्राटदार काही म्हणो.

२ मे २०२४

जुनी भिंत एकदम पाडली नाही. वरच्या इमारतीत माणसं राहताहेत, त्यामुळे पाच-पाच मीटरचे भाग, एक सोडून एक. जागी गॅबियन, म्हणजे दगड भरलेल्या जाळीच्या पिंजऱ्यांची भिंत. आरसीसी भिंतीचा अंदाज २३ लाख होता, गॅबियनचा १४. पण मुख्य कारण पैसे नव्हते. गॅबियनमधून पाणी आपोआप निघतं आणि खाली थोडं खचलं तरी ती तडकत नाही.

पहिला भाग फसला. मुकादमानं चाचणीच्या खड्ड्यांतून निघालेला जांभा पिंजऱ्यात भरला, "एवढा चांगला दगड पडलाय मॅडम, बाहेरून कशाला आणायचा?" जांभा पाण्यात राहून भुरभुरतो, कडा झडतात, आणि मग पिंजरा सैल पडतो. रिकामा करायला लावला. काळा दगड खाणीतून आणला, १५ ते २५ सेंटिमीटरचा. तोही जेसीबीनं वरून ओतला तर जाळीला समोरून फुगवटा आला. आता दर्शनी बाजूचा दगड हातानं रचतात, गडगा, म्हणजे कोरडा दगडी बांध, रचतात तसा, आणि फक्त मागचा भाग यंत्रानं भरतात. गडगे रचणारे दोन जुने गवंडी मिळाले, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

खाडीची खारी हवा आहे, म्हणून जाळी नुसती गॅल्वनाइज्ड नाही, वरून पीव्हीसीचं वेष्टण असलेली. मागे जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडून माती अडवणारं कापड, तळाशी भोकांचा पाइप, आणि भिंतीच्या माथ्यापासून दोन मीटर मागे पक्का चर.

कंत्राटदाराची सूचना: इमारतीची मागची भिंतच संरक्षक भिंत करा, खर्च वाचेल. नाही. मध्ये २.४ मीटरची मोकळी गल्ली सोडली आहे. पावसाळ्यात त्या भिंतीवर बुरशी धरली की आतल्या माणसाच्या छातीत उतरते. शिवाय भिंतीची पाहणी करायला माणूस गेला पाहिजे.

७ जून २०२४

मिरगाच्या आत जोतं पूर्ण झालं. ७ मेच्या मतदानामुळे आठवडाभर माणसं पांगली होती, तरी गाठलं. लिफ्टचा खड्डाही झाला. आता सप्टेंबरपर्यंत फक्त सळई कापणं आणि ठोकळे पाडणं.

१९ जुलै २०२४

लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी. वॉटरप्रूफिंग केलेलं आहे. पाणी भिंतींतून नाही, राफ्ट आणि खड्ड्याच्या जोडातून येतंय. पंप लावला, बंद केला की तासाभरात पुन्हा भरतं.

जोडात रसायन भरून गळती थांबवणाऱ्याचं दरपत्रक आलं सव्वा लाखाचं, हमी एक वर्ष. त्याऐवजी उताराचा फायदा घेतला. खड्ड्याच्या तळाभोवती खडीचा चर आणि त्यातून पाइप, मधल्या टप्प्याच्या कडेबाहेर उघडा सोडलेला. पंप नाही, वीज नाही, पाणी आपल्या वजनानं निघून जातं. चाळीस हजारांत काम झालं. सांधाही नंतर भरला, पण भरवसा पाइपवर. उताराच्या जागेवर सम्प पंप ठेवणं म्हणजे ज्या रात्री वीज जाणार आणि पाऊस कोसळणार त्याच रात्री तो बंद पडणार.

२१ नोव्हेंबर २०२४

एक खोली पूर्ण करून घेतली, बाकीच्या थांबवल्या. राहणाऱ्यांना एकेक करून बोलावलं आणि वापरायला सांगितलं. हे काम पुन्हा कधी केलं तर ही खोली सहा महिने आधी करेन. महारेराची (राज्याचं गृहप्रकल्पांचं नियामक प्राधिकरण) २०२४ ची ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांची मार्गदर्शक तत्त्वं आणि केंद्राच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या सूचना, दोन्ही समोर ठेवून आखणी केली होती. (आमचा ट्रस्ट घरं विकत नाही, महारेरा आम्हाला लागू नाही, पण यादी म्हणून चांगली आहे.) दरवाजे ९०० मिलिमीटर, व्हरांडा दीड मीटर, व्हीलचेअर वळायला जागा, सगळं बरोबर. तरी न्हाणीघरात निम्मं चुकलं.

शॉवर आणि घडीची बसायची सीट. एकाही आजीनं वापरली नाही. सगळ्या बादली-तांब्यानं आंघोळ करणाऱ्या. नळ भिंतीवर खाली, बादली जमिनीवर, आणि स्टुलावर बसलेल्या माणसाला वाकून तांब्या भरायचा, तिथेच तोल जातो. बदल केला: ४० सेंटिमीटर उंचीचा कट्टा, बादली कट्ट्यावर, नळ त्याच्या वर. बादली उचलायची नाही, वाकायचं नाही. स्टुलाला पाठ आणि हात. सीट काढून टाकल्या. पैसे गेले.

धरायचे दांडे. संडासाच्या बाजूला आडवा दांडा, सूचनांप्रमाणे. गुडघे दुखणाऱ्या एका आजींनी बसून दाखवलं: "मला उठताना पुढं ओढायला काहीतरी हवं बाई, बाजूचं धरून मी कशी उठू?" बाजूचा ठेवला, पुढं हवा तेव्हा खाली उतरवता येणारा घडीचा दांडा जोडला. दोघा आजोबांना कमोड नकोच होता. त्यांच्या मजल्यावर एक भारतीय संडास ठेवला, दोन्ही बाजूंना भक्कम दांडे.

दांड्यांची मजबुती बघायला दोन सिमेंटच्या गोण्या टांगल्या, शंभर किलो. एका मिनिटात फास्टनर भिंतीसकट बाहेर. आतल्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, आहेत, त्यात साधा फास्टनर धरत नाही. माणूस घसरताना झटका याहून जास्त बसतो. आता दांड्याच्या जागी ब्लॉक कापून काँक्रीटचा ठोकळा भरायचा आणि त्यात बोल्ट. बारा न्हाणीघरांची टाइल लागून झाली होती, ती फोडावी लागली. दोन लाख दहा हजार आणि तीन आठवडे. ब्लॉकची भिंत रचतानाच हे ठोकळे घातले असते तर काही हजारांत झालं असतं. प्लंबिंगच्या ड्रॉइंगवर दांडे होते, गवंड्याच्या ड्रॉइंगवर नव्हते.

दारं मात्र पहिल्यापासून सरकती आहेत. आत माणूस दाराला टेकून पडला तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. उंबरठा नाही, दाराखाली जाळीची पन्हळ.

१४ जानेवारी २०२५

स्थलांतर. खालच्या इमारतीतले एकोणीस जण नवीन इमारतीत. संक्रांतीचा दिवस व्यवस्थापक ताईंनी मुद्दाम धरला. बायकांनी तिळगूळ वाटला आणि त्या नादात अर्ध्या खोल्या लागल्यासुद्धा.

खोल्या वाटताना जुनी शेजारपाजारची जोडी मोडायची नाही, हे आधीच ठरवलं होतं. जुन्या इमारतीत पलंगाच्या ज्या हाताला खिडकी, नव्यातही त्याच हाताला. रात्री उठल्यावर माणूस झोपेत जुन्या सवयीनंच वळतो.

तरी एक गोष्ट निसटली. व्हरांडा फिकट रंगाचा, आणि भोजनगृहाच्या तोंडाशी शोभेला काळ्या ग्रॅनाइटची हातभर रुंद पट्टी. विस्मरणाचा आजार असलेल्या एक आजी तिथे येऊन थांबल्या. वॉकर पुढे टाकेनात. मावशींनी हाताला धरलं तर किंचाळल्या, "पाडतेस काय गं मला?" त्यांना तिथे खड्डा दिसत होता. दुसऱ्या एका आजोबांनी पट्टीवरून लांब टांग टाकली, आणि तोल सावरता सावरता दाराची चौकट धरली. संध्याकाळपर्यंत पट्टीवर फिकट रंगाचं आवरण चिकटवलं, आठवड्यात फरशी बदलली. जमिनीत गडद-फिकट फरक फक्त जिथे खरी पायरी आहे तिथेच. लिफ्टच्या दारातलं काळं पायपुसणंही गेलं.

उलट, संडासात भिंत पांढरी, कमोड पांढरा, म्हणून बसायची जागा सापडत नव्हती. सीट निळी केली.

३ मार्च २०२५

खालची इमारत उतरवायला सुरुवात. पाडली नाही, उतरवली. चिरे, कौलं, सागवानी चौकटी वेगळ्या. चांगला चिरा कर्मचाऱ्यांच्या घरांना लागला, साडेतीन लाखांची खरेदी वाचली, पण मजुरी आणि वेळ दुप्पट. मला हे पटतं, कंत्राटदाराला अजून पटलेलं नाही.

२७ मे २०२५

वाईट आठवडा. सांडपाण्याच्या टाकीसाठी खालच्या टप्प्यावर तीन मीटरचा कट घेतला होता, मिरगापर्यंत भिंत होईल या हिशोबानं. पावसानं हिशोब मानला नाही. वळवाच्या नावाखाली आठवडाभर धो धो आणि २५ तारखेला मान्सूनच तळकोकणात दाखल, काल मुंबईत. कट उघडा होता. वरचा कातळ उभा राहिला, खालची शेडी लोण्यासारखी सुटली आणि वीसेक ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती टाकीच्या खड्ड्यात. माणूस कुणी नव्हतं.

प्लास्टिक अंथरलं, माथ्यावर मातीचा बांध, कटाच्या पायथ्याशी दगड. टाकी ऑक्टोबरवर गेली. म्हणजे मैल्याचा टँकर आणखी पाच महिने. यापुढे या साइटवर १ मेनंतर शेडीत कट घ्यायचा नाही, असं कंत्राटाच्या कागदावर लिहून घेतलं.

गॅबियन जागची हलली नाही. पाणी समोरून स्वच्छ येतंय, माती घेऊन येत नाही, म्हणजे मागचं कापड काम करतंय.

१८ ऑगस्ट २०२५

वरच्या टप्प्यावरून येणारा पूल. छप्पर आहे, पण पाऊस आडवा येतो. फरशी खरखरीत घेतलेली, तरी कडेच्या फूटभर पट्ट्यात शेवाळ धरलं. घासून निघतं आणि आठ दिवसांत परत येतं. दक्षिणेच्या बाजूला झडप बांधली, जुन्या घरांना पावसाळ्यात बांधतात तशीच, फक्त झावळ्यांऐवजी पॉलीकार्बोनेटची. पन्नास हजार. पावसाळ्यानंतर काढून ठेवता येते.

लिफ्टची केबिन स्ट्रेचर आडवं मावेल एवढी घेतली होती, त्यावरून ट्रस्टमध्ये वाद झाला होता. या महिन्यात दोनदा रात्री ॲम्ब्युलन्स लागली. वाद मिटला.

१० नोव्हेंबर २०२५

टाकी झाली, टँकर बंद. सांडपाणी टाकीतून खालच्या झाडांच्या वाफ्यात, वाफ्याला तळातून अस्तर. भिंतीच्या पायाशी नेचे वाळले आहेत.

आतापर्यंतचा हिशोब: मूळ अंदाज ३ कोटी १० लाख, झाला ३ कोटी ५८ लाख. वाढीत सगळ्यात मोठे वाटे पाया आणि कटाची दुरुस्ती यांचे. मग टँकर आणि न्हाणीघरं. उशीर सात महिने.

बाकी कामं: वरच्या इमारतीची दुरुस्ती, तिथल्या दाराचे उंबरठे काढणं, दवाखान्यासमोर पाणी साचतं तिथला उतार बदलणं. पंगतीला आता छत्तीस ताटं लागतात, भोजनगृहात बाकं तीसच आहेत. सहा बाकांची ऑर्डर दिली आहे, हात असलेली.